झेंड्याचा मोर्चा कसा बघावा

सांगलीत विश्रामबागला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पुतळ्यापाशी गर्दी जमायला लागली, की समजावं, मोर्चा कलेक्टर ऑफिसवर निघालाय आणि आपल्याला मत ठरवायला फार तर अर्धा तास आहे. घाबरू नका. मतदानापेक्षा हे काम सोपं असतं. बोटाला शाई लागत नाही आणि पाच वर्षं थांबावंही लागत नाही.

आधी जागा धरा. रस्त्यावर उतरायचं नाही, ते मोर्चेवाल्यांचं काम. चहाचा गाडाही बेभरवशाचा, कारण पहिली घोषणा झाली की गाडेवाला स्टोव्ह बंद करून ताडपत्री ओढतो. पहिल्या मजल्याची गॅलरी सगळ्यात चांगली. झेंडे दिसतात, घोषणा ऐकू येतात, आणि कुणी ‘या की वो खाली’ म्हणून हाक मारली तर गुडघ्याकडं बोट दाखवता येतं. आमच्या शेजारच्या काकू गॅलरीत सुपात शेंगा घेऊनच बसतात. दोन मोर्चांत किलोभर सोलून होतात, असा त्यांचा हिशेब आहे. मोर्चा कशाचा होता ते त्यांना सांगता येत नाही, पण कितीचा होता ते शेंगदाण्यांवरून बरोबर सांगतात.

झेंड्याचा रंग नीट कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. मी एकदा चुकलोय. डोळ्यावर ऊन होतं, रंग कळला नाही, आणि मी मोठ्यानं बोलून बसलो, ‘रस्ता काय यांच्या बापाचा आहे का?’ मोर्चा जवळ आला तर आपलाच! सगळ्यात पुढं मेहुण्याचा पोरगा, खांद्यावर आडवा झेंडा. आता आलेलं वाक्य गिळता येईना. मग तसंच पुढं रेटलं, ‘…असं विचारणाऱ्यांना आज चांगलं उत्तर मिळालं!’ गॅलरीतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. तुम्हाला इतकं जमेलच असं नाही, म्हणून आधी रंग बघा.

रंग कळला की पुढचं आपोआप येतं. आपल्या रंगाचा असेल तर ‘जनभावनेचा उद्रेक’. दुसऱ्याचा असेल तर ‘माणसं बाहेरून आणलीत’. बाहेरून म्हणजे कुठून, असं कुणी विचारलं तर सांगलीकराला अंकलीच्या पुलापलीकडं बोट दाखवलं तरी पुरतं. आपला मोर्चा लांबला तर ‘काय शिस्त!’, दुसऱ्याचा लांबला तर ‘अँब्युलन्स अडकली असती तर?’ दुसऱ्याच्या मोर्चात अँब्युलन्स लागतेच. नसली तरी अडकते.

नियम मात्र दोन-चार पाठ असू द्या. ध्वजसंहिता २००२ ची. केशरी वर, प्रमाण तीनास दोन, चक्राला आरे चोवीस, झेंडा जमिनीला लागता कामा नये, त्यावर काही लिहायचं नाही. मोटारीवर तिरंगा फडकवायचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायमूर्ती अशा मोजक्यांनाच. हे सगळं दुसऱ्यांच्या रॅलीला लावायचं. आपली पोरं सायलेन्सर काढलेल्या बुलेटवर तिघं-तिघं बसून, मागच्याच्या हातात ताटाएवढा नाही, चांगला चादरीएवढा तिरंगा घेऊन हायवेला लागली, तर तिथं संहिता काढून बसू नये. तिथं भावना बघावी.

आता जरा अवघड धडा घेऊ, कारण तो आपल्याच जिल्ह्यातला आहे आणि त्यात पुष्कळ हुशार माणसं नापास झाली.

२०२२ चा नोव्हेंबर. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई म्हणाले, जत तालुक्यातली ४० गावं आमच्याकडं यायला तयार आहेत, दुष्काळात ग्रामपंचायतींनी तसे ठराव केलेत. इकडं सांगलीत आमचं रक्त उसळलं. ते खाली बसतंय तोवर जतच्या पूर्व भागातनं व्हिडिओ आला. आपलीच माणसं, डोक्यावर आपल्याच टोप्या, आणि हातात लाल-पिवळा झेंडा! कन्नड झेंडा! महाराष्ट्राच्या जमिनीवर!

अशा वेळी काय करायचं? आम्ही केलं तसं. ‘गद्दार’ हा शब्द आधी पोचवायचा, कारण उशीर झाला तर तो दुसरा कुणीतरी वापरून टाकतो. नंतर सीमावादाचा इतिहास. १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, सुप्रीम कोर्टातला २००४ पासूनचा दावा. बेळगावात मराठी माणसानं भगवा लावला की तो स्वाभिमान, आणि जतमध्ये कन्नड बोलणाऱ्यानं लाल-पिवळा धरला की ती फितुरी, यातला फरक आमच्यातल्या एका माजी मुख्याध्यापकांनी चाळीस मिनिटं समजावून सांगितला. आम्हाला पटला. कळला नाही, पण पटला.

पाण्याचा विषय मात्र कुणी काढू द्यायचा नाही. हे धडधडीत सांगतो, कारण त्या व्हिडिओत पोरं घोषणा देत होती ती पाण्यासाठीच. म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी मिरजेजवळून उचलते आणि टप्प्याटप्प्यानं चढवत पूर्वेकडं नेते. ते जतच्या त्या टोकाच्या गावांपर्यंत पोचलेलं नव्हतं. सांगलीहून ती गावं शंभरेक किलोमीटरवर, आणि विजापूर त्यांना आपल्यापेक्षा जवळ. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि पाणी दोन्ही भाषांत नाही. आता एवढं सगळं ऐकून घेतलं तर ‘गद्दार’ म्हणताना जीभ जरा अडखळते. म्हणून ऐकायचं नाही.

तरी आमच्या चहाच्या गाड्यावर घात झालाच. मार्केट यार्डात बेदाणा घेऊन आलेला जतकडचा एक माणूस बाकड्यावर बसला होता. माजी मुख्याध्यापकांचं महाजन आयोगावर चाललं होतं. तो बशीत चहा ओतत म्हणाला, ‘गुरुजी, उन्हाळ्यात टँकर येतो तवा आमची बायामाणसं घागर घिऊन पळत्यात. त्याचं पासिंग एम एच दहा हाय का के ए अठ्ठावीस, हे अजून कुणी बघितल्यालं न्हाई.’

कुणी काही बोललं नाही. चहाचे पैसे त्यानं स्वतःच दिले आणि गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर गुरुजी म्हणाले, ‘याला कुणीतरी पढवून पाठवलेला आहे.’ तेव्हा कुठं आम्हाला श्वास घेता आला.

पुढं काय झालं ते थोडक्यात. कर्नाटकनं तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी सोडलं, ते जतमधल्या तिकोंडीच्या तलावापर्यंत आलं. मग मुंबईला विस्तारित म्हैसाळ योजनेची एकदम आठवण झाली. मधल्या काळात दोन्हीकडच्या एसटी गाड्यांना काळं फासून झालं, बस बंद पडल्या, आणि सीमेपलीकडच्या कागवाडच्या शाळेत शिकवायला जाणारे लोक स्टँडवर डबे घेऊन उभे राहिले. अर्जानं जे वर्षानुवर्षं हललं नाही ते एका परक्या झेंड्यानं पंधरा दिवसांत हललं. यातनं काय शिकायचं? काहीच नाही. शिकलं तर पुढच्या मोर्चात झेंड्याखालचा माणूस काय म्हणतोय तेही ऐकावं लागेल, आणि मग गॅलरीत बसण्यात मजा काय राहिली?

परदेशातला झेंडा असला तर तुमचं काम सोपं आहे असं वाटेल. तिथं जास्त जपून. आमचा भाचा बर्मिंगहॅमला असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यानं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: त्यांच्या भागात रात्रीत खांबाखांबावर झेंडे लागलेले, पांढऱ्यावर लाल क्रॉस, आणि चौकातल्या छोट्या गोल सर्कललाही कुणीतरी तांबडा क्रॉस रंगवून ठेवलेला. आमच्या थोरल्या भाऊजींनी अर्ध्या मिनिटात लिहिलं, ‘याला म्हणतात राष्ट्रप्रेम! इंग्रज जागा झाला, आपण कधी होणार?’ त्याखाली अकरा अंगठे, त्यात माझा एक.

मग भाच्याचा दुसरा मेसेज आला. ‘मामा, हे झेंडे कशासाठी लावलेत त्यावर इथं वाद आहे. काही म्हणतात अभिमान. आमच्या गल्लीतल्या लोकांना वाटतंय, बाहेरून आलेल्यांनी बघावेत म्हणून लावलेत. म्हणजे आम्ही.’

ग्रुप शांत. ‘टायपिंग’ दिसायचं आणि जायचं. शेवटी भाऊजींनी लिहिलं, ‘काही लोक फार संकुचित असतात. तू दिवसाउजेडी घरी येत जा.’ आणि तासाभरानं, सुचलं असावं, ‘गाडीला तूपण एक छोटा लावून टाक.’ तिथल्या महापालिकेनं म्हणे सांगितलं, खांबांवर नवे एलईडी दिवे बसवायचेत, झेंडे धोक्याचे आहेत, काढणार. हे वाचून मात्र आम्हा सगळ्यांनाच आपुलकी वाटली. पेच आला की दिव्याचा खांब पुढं करायचा, ही युक्ती कृष्णाकाठची आहे असं मी समजत होतो.

कधीतरी गॅलरीत एखादा म्हातारा येऊन बसेल आणि बिळाशीचं काढेल. त्याची तयारी ठेवा. १९३० च्या जंगल सत्याग्रहात शिराळ्याकडच्या बिळाशीच्या लोकांनी साग तोडून त्यावर तिरंगा चढवला. तो उतरवायला पोलीस आले, गोळीबार झाला, माणसं मेली. १९४२ च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चांवरही गोळ्या चालल्या. (इस्लामपूर म्हणावं की ईश्वरपूर, हेही तो म्हातारा विचारील. तेव्हा पाणी प्यायला आत जा.) त्याला सांगायचं, ‘आजोबा, ते दिवसच वेगळे.’ एवढ्यानं माणूस गप्प होतो. फक्त त्यानं दोन गोष्टी पुढं बोलू नयेत म्हणून देवाला हात जोडा. एक, बिळाशीतही वर झेंडा होता आणि खाली भांडण जंगलाचं होतं, जतला जसं पाण्याचं. दुसरं, तेव्हाच्या झेंड्यात चरखा होता. रंग १९३१ ला ठरले, चक्र आलं २२ जुलै १९४७ ला. म्हणजे ज्या झेंड्यापायी ती माणसं गेली, तो आज कुणी बुलेटवर लावला तर आपण गॅलरीतनं ओरडलो असतो, ‘अरे, झेंडा चुकलाय!’ आणि व्हिडिओ काढला असता.

आता शेवटचं, आणि हे तुमच्या स्वतःच्या गच्चीचं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये तुम्हीही घरोघरी तिरंग्यात एक घेतला असेल. मी पोस्टातनं घेतला, २५ रुपयांना. त्याच्या आधीच्या डिसेंबरात पॉलिस्टरला परवानगी मिळाली होती आणि जुलैत रात्रीही फडकवायला. सूर्यास्ताला उतरवायची भानगड मिटली, म्हणून मी तो उतरवलाच नाही. तीन पावसाळे गेले. केशरी उडून पांढऱ्यात मिसळला, हिरव्याच्या कडेला दोरे सुटले, आणि काठीजवळ उसवून तो एका टोकावर लटकायला लागला. खालून जाताना मी वर बघायचं सोडून दिलं होतं.

फाटका झेंडा लावू नये, असं संहिता सांगते. मग त्याचं करायचं काय? खाजगीत, संपूर्ण, सन्मानानं नष्ट करायचा, शक्यतो जाळून. मी तीनदा वाचलं. जाळून. तुम्ही कॉलनीत राहता का? मग करून बघा. गच्चीवर तिरंगा आणि हातात काड्यापेटी घेऊन उभे राहा, समोरच्या बिल्डिंगमधल्या पोरानं मोबाईल वर केला की त्याला म्हणा, ‘थांब बाळ, संहितेत आहे.’ शिवाय पॉलिस्टर धड जळतही नाही. आधी आक्रसतं, मग वितळून ठिबकतं. त्यात सन्मान कुठं आणायचा?

रात्री दोन वाजता काढावा म्हटलं, तर रात्री झेंडा काढणारा माणूस चोर दिसतो. मग एका दुपारी, सगळे झोपलेत असं बघून, चप्पल न घालता वर गेलो. गाठ कुजलेली होती, हातानं ओढल्यावर सुटली. घडी घातली, चक्र वर येईल अशी, आणि बनियनच्या आत धरून खाली आणला. गणपतीच्या मखराच्या खोक्यात, माळ्यावर ठेवला. बायकोलाही बोललो नाही.

संध्याकाळी गॅलरीत काकू शेंगा सोलत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, ‘झेंडा दिसंना वो तुमचा?’

‘धुवायला काढलाय,’ मी म्हणालो.

काकूंनी चार शेंगा फोडल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘आमचा पण न्हेता का? फाटलाय. आमच्या ह्यांचा हात पुरत न्हाई.’

आता माळ्यावर दोन आहेत.