सगळं क्लीन करून द्या, किती घेणार?

गावचं घर बांधून झालंय, जांभ्याचा चिरा छान पॉइंटिंग करून उघडा ठेवलाय, वर पत्रे आणि त्यावर कौलं, आतमध्ये टाईल्स, आता फक्त साफसफाई राहिली असं ज्यांना वाटतंय त्या तमाम चाकरमान्यांसाठी हे लिहितोय. साफसफाई म्हणजे काय, झाडून पुसून घ्यायचं, त्यात एवढं काय असतं.

तर आधी मुहूर्त. चतुर्थीच्या आदल्या आठवड्याशिवाय सफाईवाल्यांना फोन करायचाच नाही, कारण तेव्हाच सगळ्या जिल्ह्याला त्यांची आठवण येते. आणि बोलवायचं ते पेंटरचा शेवटचा हात आणि इलेक्ट्रिशियनचं ड्रिल चालू असतानाच. खाली बाई लादी पुसतेय, वरून पंख्याच्या हुकाचा भुगा पडतोय, बाई पुन्हा पुसतेय... मग संध्याकाळी आपण विचारायचं, अजून एवढंच झालं?

रेट फोनवरच फायनल करा. साईट दाखवायला गेलात की ते लोक खिडक्या मोजतात, माळा बघतात, पाणी कुठून आणायचं, शिडी कोणाची, असले नसते प्रश्न विचारतात. "टू बीएचके आहे, छोटंसंच" एवढं सांगून ठेवून द्या. ग्रील, पडवी, मागची न्हाणी आणि टाकी हे ते आल्यावर हळूहळू निघू दे.

तरी महाग वाटले तर टाईल्सवाल्याच्याच माणसाला सांगा, तो बाटलीभर अ‍ॅसिड घेऊन येतो आणि म्हणतो, "जातलो ओ डाग, टेन्शन घेव नकात." डाग जातोच. अ‍ॅसिडला सिमेंटमधला चुना खायची सवय, आणि मार्बल किंवा कडप्पाही मूळचा चुन्याचाच दगड, त्यामुळे देवघराच्या पांढऱ्या मार्बलवर बुडबुडे यायला लागले की घाबरू नका, तुमचं देवघर विरघळतंय फक्त. चकाकी गेली ती पॉलिशवाला बोलावल्याशिवाय परत येत नाही, पण तो वेगळा खर्च आहे, इथे नको. अ‍ॅसिडच्या धुराने नवे नळ आणि बिजागऱ्या काळ्या पडल्या तर खाऱ्या हवेवर ढकला, कोकणात ती सोय आहेच. एक मात्र मस्करी सोडून सांगतो, अ‍ॅसिडवर ब्लीच कुणालाही ओतू देऊ नका, क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत माणूस गुदमरतो.

व्हॅक्यूमची मशीन वगैरे शहरातली थेरं. आपली केरसुणी बरी, कोरडीच फिरवायची, म्हणजे सगळी धूळ उठून छाती भरते आणि रात्रभरात नव्या रंगावर परत येऊन बसते. कंटाळा आला तर सरळ पाईप लावा आणि सगळा राडा न्हाणीच्या जाळीत ढकलून द्या. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी मिळूनच घट्ट होतं, पाण्याखालीसुद्धा. म्हणजे जाळीखालच्या त्या ट्रॅपमध्ये त्याला अगदी माहेरी गेल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी पहिली आंघोळ कराल तेव्हा पाणी घोट्यापर्यंत चढेल, आणि प्लंबर छिन्नी घेऊन तीच नवी टाईल फोडेल जी तुम्ही आत्ता चकाचक केलीत.

काचांवरचा रंग कोरड्या पत्रीने, म्हणजे पात्याने खरवडा, मध्ये वाळूचा कण असेल तर तो आपली सही करून जातो. स्लायडिंगच्या पट्टीतली वाळू तशीच राहू दे, दिसत नाही.

राबीट, म्हणजे बांधकामाचा उरलेला मलबा, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या? बांधकामाच्या कचऱ्याचे नियम आहेत, ज्याचा कचरा त्याची जबाबदारी, नाल्यात टाकायचा नाही, पण ते वाचतो कोण. रात्री टेम्पोने मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात ओता. पाऊस मोठा झाला की पऱ्या तुंबून पाणी थेट खळ्यात, म्हणजे अंगणात येतं, तेव्हा ग्रामपंचायतीच्या नावाने बोंब मारायची.

काम तपासायला गावी कशाला जायचं, मुंबईतून व्हिडिओ कॉल करा. नेटवर्क फणसाखाली येतं, तेव्हा ती बाई तुम्हाला फणस दाखवेल, तुम्ही म्हणा "कोपऱ्यात अजून धूळ दिसतेय."

आणि पैसे. ज्या कॉन्ट्रॅक्टरने छप्पर गळकं ठेवलं त्याला सगळे देऊन झालेत ना, मग इथे घासाघीस करा, या बायकांचे अर्धे अडकवून ठेवा, चतुर्थीला देतो म्हणा. चतुर्थीला त्या दारात आल्या की म्हणायचं, सणाच्या दिवशी घरातली लक्ष्मी बाहेर देत नाहीत, आणि विसर्जन झालं की तुमची कोकणकन्या बुक आहेच.