अर्धवट तिरकं

परवाच्या सन्मानपत्राची एक जादा प्रत माझ्या टेबलावर पडली आहे. मी ती पालथी घालून ठेवतो, कोणीतरी येऊन सुलटी करतं, आणि माझा दिवस नव्याने खराब होतो.

ऑफिसातल्या एक बाई निवृत्त होणार होत्या. त्यांचं इंग्रजी सन्मानपत्र 'तुला त्यातलं कळतं' या सबबीखाली माझ्या गळ्यात पडलं. तीन संध्याकाळी घालवून मी एक देखणा इटॅलिक सेरिफ फॉण्ट शोधला, म्हणजे तिरकी अक्षरं आणि त्यांच्या टोकांना सेरिफ नावाचे बारीक पाय. तिसरी तर अख्खी बाईंच्या नावातल्या दोन अक्षरांमधली फट जुळवण्यात गेली. घरचे म्हणाले, डोळे तपासून घे.

चौथ्या दिवशी हिशेब खात्याचे साहेब चार्जर मागायला आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"हे काय लावलंयस?"

"इटॅलिक आहे, सर."

"ते दिसतंय. सरळ अक्षराला काय झालंय?"

"काही नाही झालं."

"मग?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि स्क्रीनला बोट लावलं. अगदी टेकवलंच, अजून डाग आहे.

"हा एफ ओळीच्या खाली आलाय."

"इटॅलिकमध्ये तो बहुतेक तसाच असतो, सर. त्याला शेपटी असते."

"टीला नाहीये."

"नाही."

"मग यालाच का?" साहेबांचा आवाज व्हाउचर नसलेलं बिल पाहिल्यासारखा झाला. "आणि हा छोटा ए? एच्या डोक्यावर छत्री असते. ही कुठे गेली?"

खरं सांगतो, क्षणभर मला साहेबांबद्दल आदर वाटला. पंचवीस जण ते पत्र पाहून 'छान' म्हणाले होते, पण एची छत्री उडाल्याचं फक्त यांच्या लक्षात आलं. तीच तर गंमत आहे. इटॅलिक म्हणजे सरळ अक्षर कलतं करणं नव्हे. ते मुळात भराभर चालणाऱ्या हाताचं अक्षर. तिथे ए एका फटक्यात होतो आणि सेरिफ ठोकल्यासारखे न बसता टाक टेकवून उचलल्यासारखे येतात. हे मी साहेबांना समजावू लागलो. व्हेनिसपासून सुरुवात केली, हीच चूक झाली. तिथल्या आल्डुस मानुटियस नावाच्या छापखानेवाल्याने 1501 साली रोमन कवी व्हर्जिलचं अख्खं पुस्तक या अक्षरात छापलं, हातात मावणारं. त्यात कॅपिटल अक्षरं मात्र सरळच उभी होती...

"बघ!" साहेब म्हणाले. "त्यांनीसुद्धा सगळं तिरकं नव्हतं केलं."

ते अक्षर कोरलं फ्रान्चेस्को ग्रिफोने. व्हेनिसच्या सरकारकडून त्याचे हक्क मिळवले मालकाने, म्हणजे आल्डुसने, आपल्या नावावर. दोघांचं बिनसलं. पुढे 1516 साली स्वतःच्या जावयाला लोखंडी कांबीने ठार मारल्याचा आरोप ग्रिफोवर आला. मी त्याचं समर्थन करत नाही. पण आयुष्यभर पोलादावर गव्हाच्या दाण्याएवढी अक्षरं कोरायची आणि श्रेय दुसऱ्याने न्यायचं, तर माणसाचं डोकं जागेवर कसं राहणार? जावई उगाच मध्ये सापडला असावा.

असो. साहेब म्हणाले, "एक तर सरळ कर, नाहीतर नीट तिरकं कर. अर्धवट नको." आणि वाकून त्यांनी सगळा मजकूर निवडला व 'आय'चं बटण दाबलं.

माझ्याकडे त्या फॉण्टची इटॅलिकची एकच फाइल होती. ती अक्षरं आधीच कललेली आहेत हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? त्याने सगळ्यांची डोकी धरून आणखी उजवीकडे ढकलली. एफ शेजाऱ्याच्या अंगावर रेलला. जुळवलेली फट मिटली. तळाशी एक मराठी ओळ होती, तीही सापडली. देवनागरीला कसलं आलंय इटॅलिक? शिरोरेषा जागच्या जागी आडवी आणि खालचे काने कलंडलेले. छप्पर शाबूत, खांब पडायला आलेले.

"आता कसं एकसारखं दिसतंय," साहेब म्हणाले.

मी कंट्रोल-झेड दाबणार तेवढ्यात मला वरून बोलावणं आलं. दहा मिनिटांनी परतलो तर साहेबांनी फाइल छपाईला पाठवून दिली होती. वर चार्जरही नेला होता. तो अजून आलेला नाही.

समारंभात सूत्रसंचालकांनी 'सुबक मांडणीबद्दल' साहेबांचे आभार मानले. मी टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगतो कोणाला? तीन संध्याकाळींची पावती कुठल्या खात्यात लावायची, हे त्यांनाच विचारायला हवं होतं. बाईंनी पत्र हातात घेतलं, क्षणभर पाहिलं आणि नकळत थोडं डावीकडे फिरवून वाचू लागल्या.

मग फोटो. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. "मॅडम, ते पत्र जरा सरळ धरा."

बाईंनी सरळ धरलं.

"अजून वाकडंच दिसतंय," तो म्हणाला.