अर्धं तरी घेतलं ना, सर!

परवा रात्रीपासून लोक माझ्यापुढे तळहात पसरायला लागले आहेत. इतकी वर्षं माझ्या नमस्काराला नुसती मान हलवणाऱ्या एका गृहस्थांनी लिफ्टचं दार बंद होताच उजवा हात उघडून विचारलं, "परदेशयोग दिसतो का हो?" नात्यातल्या एका वहिनींनी तर मुलीच्या हाताचा फोटोच पाठवला. खाली मजकूर : 'लग्नाचं बघा. घाई नाही, पण आजच सांगा.' या सगळ्याचं कारण म्हणजे एका सत्य गुन्ह्यावरच्या माहितीपटात मी टीव्हीवर दिसलो, आणि मी दिसत असताना माझ्या छातीवरून पांढऱ्या ठळक अक्षरांची पट्टी गेली : 'ज्येष्ठ हस्तरेषातज्ज्ञ'.

मी ठसेतज्ज्ञ. हयात बोटांचे ठसे भिंगाखाली घालण्यात गेली. कुणाचं भविष्य मी कधी सांगितलेलं नाही. काही जणांचा भूतकाळ तेवढा सांगितला, आणि तो त्यांना आवडला नाही.

आमची जमात वर्तमानपत्रात एका वाक्यापुरती येते. 'घटनास्थळी श्वानपथक व ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले.' पुढच्या वाक्यात श्वान काही अंतरावर जाऊन घुटमळतं. पुष्कळदा त्या श्वानाचं नावही छापून येतं. ठसेतज्ज्ञ पाचारण झाल्यावर आले की नाही, जेवले की नाही, याची दखल आजवर एकाही वार्ताहराने घेतलेली नाही. त्यामुळे "सर, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय" असा एका रिसर्चर मुलीचा फोन आला तेव्हा मी खुर्चीत जरा ताठ बसलो, हे खरं. मानधनाचा विषय काढल्यावर ती म्हणाली, "सर, रीच खूप मोठा आहे." वेळ किती लागेल विचारल्यावर म्हणाली, अर्धा तास. अर्धा तास गालाला पावडर लावण्यातच गेला.

प्रयोगशाळा म्हणून त्यांनी जी खोली सजवली होती, तिच्यात निळा उजेड, धूर सोडायचं यंत्र आणि काचेच्या नळ्यांत हिरवं-जांभळं पाणी होतं. ठशांच्या कामात नळ्या लागत नाहीत, टेबल, दिवा, भिंग आणि संगणक एवढ्यावर भागतं, असं मी सांगितलं. "सर, रिकामं वाटतं," असिस्टंट म्हणाला. मला पांढरा कोट चढवला. माईकची वायर शर्टाच्या आतून घातली. मग दिग्दर्शकाने नियम सांगितला की त्याचा प्रश्न नंतर कापला जाणार, तेव्हा माझ्या उत्तरात प्रश्न आला पाहिजे. त्याने विचारलं, "ठसे महत्त्वाचे का?" मी म्हणालो, "कारण..." "कट! सर, 'ठसे महत्त्वाचे आहेत कारण' अशी सुरुवात करा." या वयात पुन्हा 'पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा'!

मी तयारी करून गेलो होतो. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा अख्खा पंजा उमटवून घेतला, तिथून मी सुरुवात केली. (पंजा म्हणालो, हे लक्षात ठेवा. ती पट्टी इथूनच निघाली असावी असा मला दाट संशय आहे.) मग १८९७ सालच्या कलकत्त्याच्या ठसे विभागाकडे वळलो. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी तिथे हजारो ठसे लावायची आणि शोधायची पद्धत बसवण्यात डोकं खपवलं, आणि ती पद्धत जगभर गेली ती त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. हे सांगताना माझा आवाज नेहमी थोडा चढतो. त्या दिवशीही चढला. दिग्दर्शक कॅमेरामनला म्हणाला, "इथे ड्रोन शॉट टाकू." म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळलं. हक आणि बोस त्या ड्रोनखाली गेले.

१८९२ सालची अर्जेंटिनातली हकीकत काढली तेव्हा मात्र तो पुढे सरकला. नेकोचेआ या गावी दोन लेकरांचा खून झाला. आईने एका ओळखीच्या माणसाचं नाव घेतलं. तो मार खाऊनही कबूल होईना. शेवटी दाराच्या चौकटीवर सापडलेला रक्ताळलेला अंगठा त्या आईचाच निघाला. "आईच?" दिग्दर्शकाचे डोळे चमकले. "सर, परत एकदा. या वेळी 'आईच'च्या आधी थांबा. मोठा पॉज."

पण मला खरं सांगायचंय ते खुन्याबद्दल.

खुनी कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. म्हणजे नाट्यरूपांतरातला खुनी. काळं जॅकेट, काळे चामड्याचे हातमोजे, गालावर रंगवलेला व्रण. अत्यंत सालस मुलगा. मला बघून उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"काका, एक शंका आहे. विचारू का?"

"विचार की."

"तुम्ही मला ठशावरून पकडता ना?"

"हो. कपाटाच्या काचेवरचा उजवा अंगठा."

त्याने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "मग हे?"

मी त्या हातमोज्यांकडे बघत राहिलो. "मध्ये कुठे काढत असशील ना?"

"नाही ना काका! सकाळपासून खून करतोय, दर वेळी घालूनच. घालतानाचा क्लोजअप आहे. चामड्याचा करकर आवाज वेगळा रेकॉर्ड केलाय."

"तू त्यांना बोलला नाहीस?"

"कालपासून बोलतोय. मला म्हणाले, तू ॲक्टिंगवर लक्ष दे."

मी असिस्टंटला हाक मारली. त्याने दिग्दर्शकाला बोलावलं. दिग्दर्शकाने हातमोज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत हातमोज्यांकडे. मग मला खांद्याला धरून बाजूला नेलं, घरात कुणी अत्यवस्थ असल्यावर डॉक्टरांना नेतात तसं.

"सर, हातमोज्यातून ठसा येत नाही का? अजिबातच?"

"चामड्याच्या हातमोज्याचा स्वतःचा ठसा उमटू शकतो. चामड्यालाही पोत असतो, सुरकुत्या असतात, शिवण असते."

"म्हणजे येतो!"

"पण तो त्या कातडीचा. माग काढत गेलात तर आरोपीच्या पिंजऱ्यात गाय उभी करावी लागेल."

खुनी मोठ्यांदा हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"सर," दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला, "प्रेक्षक एवढा विचार करत नाही."

"मी केला ना," खुनी मागून म्हणाला.

"तू प्रेक्षक नाहीयेस."

तो पोरगा तरीही हटला नाही. दोन मिनिटं हनुवटी खाजवून म्हणाला, "काका, असं केलं तर? खून झाल्यावर मला घाम फुटतो. मी एक हातमोजा काढतो, कपाळ पुसतो, आणि चक्कर आल्यासारखं होऊन त्याच हाताने काचेचा आधार घेतो." मी उडालोच. बोटांच्या टोकांवर नुसत्या घामाच्या ग्रंथी असतात, तेलकटपणा येतो तो चेहऱ्याला, केसांना हात लावल्याने. कपाळ पुसून काचेवर टेकवलेला अंगठा उत्तम उमटतो. पोराने नकळत शास्त्रशुद्ध प्रसंग लिहिला होता! मी त्याची पाठ थोपटली आणि दिग्दर्शकाला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "सर, सुंदर आहे. पण कंटिन्युइटी जाते." खुनी पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. त्या दिवशी त्या इमारतीत पुराव्याचा विचार करणारे आम्ही दोघंच होतो, आणि त्यातल्या एकाला खून करायचा होता.

पावडरचं दृश्य राहिलं होतं. ब्रशच्या टोकाला पावडर नुसती शिवू द्यायची असते, जास्तीची झटकायची, मग दांडा बोटांत फिरवत काचेवर अलगद न्यायचा. आधी करडा डाग दिसतो, मग त्यात एक रेघ, तिच्याशेजारी दुसरी, की त्यांच्या वळणाने ब्रश वळवायचा. पावडर जास्त झाली की रेषांमधल्या फटी बुजतात आणि ठसा गेला. माझ्या विनंतीवरून खुन्याने हातमोजा काढून कपाळाला हात लावून काचेवर अंगठा टेकवला होता. तो वर आला. मधोमध चक्र, छान गोल. तो पोरगा श्वास रोखून वाकला. "हा मी?" एवढ्यात "सर, दिसत नाहीये, जरा उडू दे!" असं ओरडत असिस्टंटने अर्धी डबी काचेवर उपडी केली. ठसा गेला, कॅमेऱ्याची भिंगं काळी झाली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्या खोलीत प्रयोगशाळेसारखं काहीतरी घडल्याचं समाधान सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मग ते संगणकाचं. पडद्यावर ठसे भराभर पळत होते आणि शेवटी लाल अक्षरांत 'मॅच फाउंड' लुकलुकत होतं. यंत्र असं सांगत नसतं. ते जुळू शकतील अशा ठशांची यादी देतं, आणि पुढे माणूस डोळे फोडून एकेक बारकावा ताडून बघतो. आणि माणूस चुकतो. इथे मी थोडा गंभीर झालो. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटरच्या पिशवीवर ठसा सापडला. यंत्राने वीस संभाव्य ठसे काढून दिले, आणि त्यातला एक अमेरिकेतल्या एका वकिलाचा होता. एफबीआयच्या तज्ज्ञांनी तो त्याचाच म्हणून सांगितलं, न्यायालयात 'शंभर टक्के' असा शब्द वापरला गेला, आणि न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही मान डोलावली. तो माणूस दोन आठवडे कोठडीत होता. मग स्पेनच्या पोलिसांनी ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. एफबीआयला माफी मागावी लागली. ज्याला या गोष्टीची भीती वाटत नाही त्याने आमच्या धंद्यात पडू नये, असं मी म्हणालो. या एका मुद्द्यासाठी मी गेलो होतो, बाकी सगळी पावडर.

"छान सर. आता फक्त एक ओळ हवीय. 'ठसा कधीच खोटं बोलत नाही.'"

"असं मी म्हणणार नाही."

"मग तुमच्या शब्दांत."

मी माझ्या शब्दांत म्हणालो, "ठसा कधीच खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात, पण ठसा बोलतच नाही, बोलतो तो तपासणारा, आणि तो चुकू शकतो."

"परफेक्ट," दिग्दर्शक म्हणाला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता की नाही, ते तुम्हीच ठरवा.

निघायच्या आधी साउंडवाल्याने हात वर केला आणि सगळे जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. मीही मान खाली घातली. ज्या बाईचा खून झाला, तिचं नाव दिवसभरात कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. सगळे 'व्हिक्टिम' म्हणत होते, आणि व्हिक्टिमचं काम करणारी मुलगी बाजूच्या खोलीत गादीवर मोबाईल बघत पडली होती. निदान मिनिटभर तरी तिची आठवण ठेवतात, असं वाटून बरं वाटलं. मिनिट संपल्यावर मी डोळे पुसताना पाहून साउंडवाला म्हणाला, "रूम टोन घेत होतो सर. खोलीचा आवाज. एडिटिंगला लागतो."

बाकी परवा रात्री पाहिलंच. हातमोजे करकरले. खून झाला. ड्रोन फिरला. लाल अक्षरं लुकलुकली. मग निळ्या धुरातून मी प्रकट झालो, छातीवर हस्तरेषा घेऊन, आणि माझ्याच आवाजात ठणकावून म्हणालो : "ठसा कधीच खोटं बोलत नाही." ढोलांचा आवाज. जाहिरात. माद्रिद नाही, माफी नाही, 'असं लोक म्हणतात' नाही. पट्टीचं मी हसण्यावारी नेईन. पण ज्या वाक्याविरुद्ध मी आयुष्यभर कोर्टात साक्षी दिल्या, तेच वाक्य आता माझ्या तोंडी कायमचं बसलंय. उद्या एखादा वकील उलटतपासणीत ते लावून दाखवेल, आणि दाखवावंच त्याने. मी सही केलेला फॉर्म काढून वाचला. माझं बोलणं 'कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही माध्यमात, संपूर्ण विश्वात, अनंत काळापर्यंत' कापायचा हक्क त्यांना आहे. म्हणजे मंगळावर जाऊनही दाद मागायची सोय नाही.

तरी फोन केला. रिसर्चर मुलीने पहिल्याच रिंगला उचलला.

"सर! कसं वाटलं?"

मी आधी पट्टीचं सांगितलं. "अय्यो, सॉरी सर. टेक्निकल टीमला कळवते."

मग त्या वाक्याचं. ती गोंधळली. "पण सर, तुम्हीच बोललात ना ते? आवाज तुमचाच आहे."

"अगं, अर्धंच वाक्य आहे ते! पुढचं अर्धं कुठंय?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती अगदी मनापासून म्हणाली, "सर, तुमचं अर्धं तरी घेतलं. ते हस्ताक्षरवाले सर होते ना, त्यांचं अख्खं गेलं."