बिनभट्टीचा खुराक

मोबाईलवरच्या प्रोटीन वड्यांच्या व्हिडिओत सगळं चाळीस सेकंदांत उरकतं. पांढऱ्याशुभ्र ओट्यावर काचेचं भांडं, त्यात पाच जिन्नस पडतात, नेलपॉलिशवाला हात ते कालवतो आणि लगेच फ्रीजमधून एकसारख्या वड्या बाहेर येतात. वर ठळक अक्षरांत, 'ओव्हनची गरज नाही!' सांगलीकराला याचं काय कौतुक? आमच्याकडं ओव्हन असलाच तर त्यात जास्तीची पातेली राहतात. डिंकाचा, अळिवाचा, दाण्याचा, यातला एकही लाडू आजवर कुणी बेक केलेला नाही. शिवाय हा हिंदकेसरी पैलवान मारुती माने यांचा जिल्हा. खुराक म्हणजे काय, हे इथं मोबाईलनं शिकवायची गरज नव्हती.

पण घरात जिमला जाणारं पोर असलं की प्रोटीनच्या वड्या कराव्याच लागतात. तेव्हा आधीच सांगून ठेवतो: भट्टी सुटते, गॅस सुटत नाही.

शेंगदाणे 150 ग्रॅम घ्यायचे आणि मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं भाजायचे. घाईनं आच वाढवली की दाण्याला बाहेरून काळे डाग पडतात, आत तो कच्चाच राहतो आणि कच्चा दाणा मिक्सरमध्ये तेल सोडायला फार वेळ लावतो. गार झाल्यावर चोळून सालं काढायची, पण फॅन बंद करून. नाहीतर पुढचे दोन दिवस ती सालं सोफ्याखालून निघत राहतात. त्याच कढईत 100 ग्रॅम ओट्स पाच-सहा मिनिटं परतायचे. हे टाळलं तर वडीला कच्च्या पिठाचा वास येतो. म्हणजे 'न भाजता' होणाऱ्या पदार्थासाठी इथवर वीस मिनिटं निव्वळ भाजणंच झालं.

खरी कसोटी मिक्सरवर. दाण्याचं लोणी, म्हणजे पीनट बटर, करायचं तर चटणीचं छोटं भांडं घ्या. मोठ्या भांड्यात 150 ग्रॅम दाणे पात्यांच्या वर नुसते उड्या मारतात. आधी कूट होतं. इथं आपला हात आपोआप थांबतो, कारण जन्मभर आपण कुटावरच थांबत आलोय. थांबू नका. मग ते कूट भांड्याच्या कडेला चिकटतं, पाती मोकळीच फिरतात आणि तेल काही सुटत नाही. नेमक्या याच क्षणी घरातलं कुणीतरी मागून म्हणतं, "अगं, जरा पाणी घाल की." घालू नका. पाण्याचे दोन थेंब पडले की दाण्यातलं प्रोटीन आणि पिष्ट ते पाणी ओढून घेतं आणि मऊ लोणी होण्याऐवजी घट्ट गोळा होतो. अर्धा मिनिट फिरवा, एक मिनिट थांबा, चमच्यानं कडा खरवडा, पुन्हा फिरवा. आठ-दहा मिनिटं असं चाललं की अचानक गोळा सैल पडतो, चकाकतो आणि वाहू लागतो.

त्याआधी मिक्सर बंद पडू शकतो. "जळला!" असा पुकारा होतो, दुरुस्तीवाल्याला फोन जातो. आधी मिक्सर उलटा करून बघा. बुडाला बहुधा एक लाल बटण असतं. मोटर तापली की ते बाहेर येतं. दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या आणि बटण आत दाबा. या बटणानं मराठी घरातली किती भांडणं मिटवली असतील, त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

गोडासाठी बिनबियांचा खजूर, 120 ग्रॅम, गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, घट्ट पिळून वाटलेला. यावर वाद होणार, कारण कोल्हापूर शेजारी आणि गूळ डब्यात. गुळाचा पाक करा की, पण तो गोळीबंद झाला तर वडीऐवजी चिक्की होते. आणि कडकडीत पाकात व्हे पावडर, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीनची पावडर, टाकली तर साधारण 70 अंशांच्या वर तिच्यातलं प्रोटीन आकसतं, त्याच्या रबरी गुठळ्या होतात आणि त्या नंतर कशानंही फुटत नाहीत. पाकात बोट टिकेल इतका तो निवू द्या.

दाण्याचं लोणी, ओट्स आणि खजूर एकत्र केले की व्हे पावडर 60 ग्रॅम, ती सगळ्यात शेवटी, चाळून. दोन स्कूप म्हणजे 60 ग्रॅमच, असं धरून चालू नका. स्कूपचं माप कंपनीगणिक बदलतं, ते डब्यावर छापलेलं असतं, आणि स्कूप स्वतः डब्याच्या तळाशी पुरलेला असतो. कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय तो सापडत नाही. चॉकलेटची पावडर असेल तर ती बहुतेक वेळा आधीच गोड असते. खजूर 100 ग्रॅमवर आणा. कालवल्यावर मिश्रण भुसभुशीत दिसतं. एक चमचा दूध घाला आणि पाच मिनिटं हात बांधून बसा, कारण व्हेला ओल प्यायला वेळ लागतो. एकूण तीन चमच्यांच्या वर जाऊ नका. धीर सुटून चौथा-पाचवा चमचा घातला की हाताला धिरड्याचं पीठ लागतं.

घरात व्हे नको असेल तर तेवढंच डाळं दळून घ्या. सांगलीच्या गणपती पेठेत ताजं मिळतं.

सांगलीत बेदाणा घालायचा नाही असं होणार नाही. घाला, मूठभर. मात्र द्राक्षं वाळवण्यापूर्वी डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, म्हणून बेदाणा धुवायचा आणि फडक्यावर खडखडीत कोरडा करायचा. ओला राहिला तर त्याच्याभोवती पावडरीचं चिकट कोंदण होतं. सांगलीच्या हळदीलाही 2018 पासून भौगोलिक मानांकन आहे म्हणून ती घालायचं कारण नाही. कुरकुरीतपणासाठी चिरमुरे सुचवले जातात, ते रात्रभरात ओल ओढून मऊ पडतात. भडंग सुचवणाऱ्याला लसणीची आठवण करून द्या.

ताटात बटर पेपर, त्यावर दाबून थापायचं, दोन तास फ्रीज, तेल लावलेल्या सुरीनं 12 वड्या. हिशेब असा: एका वडीत साधारण 8 ग्रॅम प्रोटीन आणि दीडशेच्या आसपास कॅलरी. डाळ्याच्या वडीत साडेपाच, म्हणजे जवळपास एका अंड्याएवढं. हे आकडे पोराला ऐकवा, आज्जीला नको. आज्जी एक तुकडा मोडून खाते, "दाण्याचाच लाडू की रे ह्यो, चपटा झालाय," एवढं म्हणते आणि दुसरा उचलते.

फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कडक होतात, कारण व्हे हळूहळू भोवतालची ओल ओढून घट्ट होत जातं. खाण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा. बाहेर म्हणजे पावसाळ्यात किंवा थंडीत. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना विश्रामबागच्या जिमपर्यंत नेलेल्या वड्या एकमेकींत मिसळून डब्याचा आकार घेतात. डब्यात चमचा टाका.