काच खाणारे आम्ल सर्वांत तीव्र असते का?

'हायड्रोफ्लुओरिक आम्ल काचसुद्धा विरघळवते, म्हणून ते सर्वांत तीव्र आम्ल होय. फ्लुओरीन सर्वाधिक विद्युतऋण (इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचणारे) असल्याने तसे असणारच. शिवाय रेणूत हायड्रोजन जितके जास्त, तितके आम्ल तीव्र', असा मजकूर विज्ञानाची माहिती म्हणून सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातली तिन्ही विधाने चुकीच्या समजुतीवर उभी आहेत.

पहिले विधान काचेचे. आम्लाची तीव्रता त्याने काय विरघळवले यावर ठरत नाही, तर पाण्यात त्याचे किती रेणू हायड्रोजन आयन सोडतात यावर ठरते. ०.१ मोलर द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू विचरण पावतात, म्हणजे फुटून हायड्रोजन आयन सोडतात, हायड्रोफ्लुओरिकचे मात्र शंभरातले जेमतेम आठ. म्हणजे शास्त्राच्या भाषेत ते सौम्य आम्ल ठरते. काच विरघळते ती फ्लुओरीनमुळे, कारण सिलिकॉन आणि फ्लुओरीन यांचा बंध अतिशय मजबूत असतो आणि काचेतील सिलिकॉन ऑक्सिजनला सोडून फ्लुओरीनशी जोडला जातो. म्हणूनच हे आम्ल काचेच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. याउलट, रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर रीड यांच्या गटाने २००४ मध्ये जाहीर केलेले कार्बोरेन आम्ल संहत सल्फ्युरिक आम्लाच्या किमान दहा लाख पट तीव्र असूनही काचेच्या बाटलीत सुखरूप राहते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, ती म्हणजे सौम्य आम्ल निरुपद्रवी असते असे मुळीच नाही. हायड्रोफ्लुओरिक आम्ल त्वचेतून खोलवर शिरते, तिथला फ्लुओराइड रक्तातील आणि ऊतींमधील कॅल्शियम बांधून टाकतो, आणि विरल द्रावणाने झालेल्या इजेत तर वेदना कित्येक तास जाणवतही नाहीत. तोवर हानी होऊन गेलेली असते. तीव्रता आणि घातकता या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत.

दुसरे विधान अर्धवट खरे आहे. आवर्त सारणीच्या एका आवर्तात (आडव्या ओळीत), मिथेन, अमोनिया, पाणी, हायड्रोजन फ्लुओराइड या क्रमाने जाताना विद्युतऋणतेबरोबर आम्लताही वाढते, परंतु गणात (उभ्या स्तंभात) वरून खाली उतरताना बंधाची ताकद निर्णायक ठरते. हायड्रोजन–फ्लुओरीन बंध तोडायला प्रतिमोल सुमारे ५६५ किलोज्यूल ऊर्जा लागते, हायड्रोजन–आयोडीन बंधाला सुमारे २९८. पाणी फ्लुओराइड आयनाला घट्ट धरून ठेवते हे खरे असले, तरी ती भरपाई पुरेशी पडत नाही. त्यामुळे फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन या एकाच गणातल्या चौघांच्या आम्लांत सर्वांत तीव्र ठरते ते हायड्रोआयोडिक आम्ल.

तिसऱ्या विधानाला कॅरमच्या बोर्डावर भुरभुरायची बोरिक पावडर पुरेशी आहे. तिच्या रेणूत तीन हायड्रोजन आहेत, तरी हे आम्ल व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लापेक्षाही कितीतरी सौम्य आहे. स्वतः ॲसेटिक आम्लात चार हायड्रोजन असले, तरी सुटतो तो फक्त ऑक्सिजनला जोडलेला एक. उरलेल्या तिघांच्या जागी क्लोरीन बसवला, तर ते अणू इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतात, मागे राहणाऱ्या आयनावरचा ऋणभार विभागला जाऊन तो अधिक स्थिर होतो, आणि एकच हायड्रोजन उरलेले ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल मूळ आम्लापेक्षा सुमारे दहा हजार पट तीव्र होते.