इथल्यांना बांबोळी नाही

कुडाळहून भावाचा फोन आला की विषय ठरलेला. सिंधुदुर्गात ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, तरी पेशंट जरा गंभीर झाला की ॲम्ब्युलन्स गोव्याच्या बांबोळीतल्या सरकारी मेडिकल कॉलेजलाच का धावते? २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातल्या पेशंटांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोडामार्गला आंदोलन पेटलं होतं. भाऊ अजून गोव्यावर चिडून आहे. मी नाही. गोव्याने आपल्या तिजोरीतून आमचा जिल्हा का सांभाळावा?

मी राहतो मॉरिशसमध्ये. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख, म्हणजे सिंधुदुर्गापेक्षा जास्त आणि रत्नागिरीपेक्षा कमी. चारी बाजूंनी समुद्र, पेशंट ढकलायला शेजारचं राज्य नाही. "पर्यटकांच्या पैशावर काय, कुणालाही जमेल," असं भाऊ म्हणतो. पण १२ मार्च १९६८ला देश स्वतंत्र झाला तेव्हा इथे पर्यटक फारसे नव्हते, ऊस होता. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्येच या बेटाचं भवितव्य काळवंडलेलं दाखवलं होतं. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम स्वतः डॉक्टर. साखरेचे भाव पडले, १९७९ मध्ये इथल्या रुपयाचं अवमूल्यन झालं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा खर्चकपातीचा तगादा लागला. तरी सरकारी दवाखान्यातले उपचार फुकटच राहिले.

हिवतापाचं बघा. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त ठरवला आणि १९७५च्या चक्रीवादळानंतर हिवताप परतला. पुन्हा घालवायला वीसेक वर्षं गेली. म्हणून अजूनही भारतातून कुणी आलं की आरोग्य खात्याचा माणूस पत्ता शोधत येतो. आई आली होती तेव्हा आला, व्हरांड्यात बसून तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, चहाला नको म्हणाला आणि गेला. "मी काय रोग घेऊन आलंय?" आई दिवसभर धुमसत होती. ज्या रोगाचा पेशंट दिसत नाही, त्याच्यासाठी दरवर्षी पगार मोजणं कुठल्याही अर्थखात्याच्या जिवावर येतं. इथे मोजतात.

इथे सगळं छान आहे असं नाही. एका सरकारी रुग्णालयात शेजारच्या काकी सकाळी सातला जाऊन बसल्या, डॉक्टर भेटला दुपारी. ऐपत असलेले सरळ खासगी क्लिनिक गाठतात. पाचही प्रादेशिक रुग्णालयांचा कारभार राजधानी पोर्ट लुईच्या मंत्रालयातून चालतो आणि कागद तिथेच अडकतात. पण शिव्या कुणाला घालायच्या हे काकींना ठाऊक आहे: आरोग्यमंत्र्याला. तो बसने तासाभराच्या अंतरावर बसतो.

आणि आमच्याकडे? प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय आरोग्य खात्याचं, कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं. एका पेशंटला तीन मालक, आणि तिघांचाही पैसा मुंबईहून सुटणार. १५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा मोफत झाला, चांगलं झालं. पण औषध संपलं की "बाहेरून आणा"ची चिठ्ठी कोणत्या मालकाच्या खात्यावर लिहायची?

भाऊ पुढच्या आंदोलनाला बांबोळीच्या गेटवर जायचं म्हणतोय. मी त्याला सांगितलं, बॅनर ओरोसला लाव आणि मागणी एकच लिही: तिन्ही मालकांच्या जागी एक अधिकारी, आणि औषधांचे वर्षाचे पैसे एप्रिलमध्येच त्याच्या हातात.