'मनाविरुद्ध दाखल केलं की डॉक्टर जेलमध्ये': या मेसेजमधलं एकही वाक्य खरं नाही

मानसिक आजारी माणसांच्या घरच्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: "2017 च्या कायद्यामुळे पेशंटला मनाविरुद्ध दाखल केलं तर डॉक्टरला जेल. त्यामुळे आधी कोर्टाची ऑर्डर आणा. दाखल करून घेतलं नाही, तर मात्र डॉक्टरवर काहीच येत नाही." हे वाचून लोक पेशंटला घरात कोंडून ठेवतात, म्हणून लिहितेय.

जेलचं आधी. 2017 चा हा कायदा म्हणजे मानसिक आरोग्यसेवा कायदा; त्याचं कलम 89 अशा भरतीला परवानगीच देतं. माणसाने नुकताच जीव द्यायचा प्रयत्न केला असेल, तो इतरांच्या अंगावर धावून जात असेल किंवा स्वतःची काळजी घेण्याच्याही स्थितीत नसेल, तर दोघांनी त्याला वेगवेगळं तपासायचं. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. भरती जास्तीत जास्त 30 दिवसांची. अशा भरत्या तपासणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, पेशंट स्त्री असेल तर तीनच दिवसांत. शिक्षा आहे ती हे नियम मोडल्याची: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नियम पाळून केलेल्या भरतीला शिक्षा नाही. न तपासता, घरच्यांच्या शब्दावर सही करणाऱ्याने मात्र घाबरायलाच हवं. आईवडिलांच्या सांगण्यावरून घरातून उचलून नेलेल्या एका सज्ञान तरुणीला 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भरपाई मिळवून दिली, तीही 2017 चा कायदा अजून अंमलात आला नव्हता, जुनाच लागू होता तेव्हा.

कोर्टाची ऑर्डर ही त्याच जुन्या, 1987 च्या कायद्याची आठवण. आता नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटने स्वतःच्या वतीने नेमलेल्या माणसाचा, अर्ज पुरतो. पेशंटने कुणाला नेमलं नसेल तर नातेवाईक ते काम करू शकतो. रात्री-अपरात्री जिवावर बेतलं, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कलम 94 खाली 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो.

तिसरं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. 1995 पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. धोका समोर दिसत असताना पेशंटला परत पाठवलं, तर तो निष्काळजीपणा ठरू शकतो. फौजदारी खटल्यासाठी तो ढोबळ, अक्षम्य असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये म्हटलं. भरपाईच्या दाव्याला तेवढी कडक अट नाही.

दारातून परत पाठवत असतील तर कलम 89 च्या अर्जाचा नमुना मागा. तरीही नाहीच म्हणाले, तर कारण केसपेपरवर लिहून मागा.